आप्पांचं ड्रिल मशीन आणि सहा गिटारी

आमच्या अनगोळच्या घरात मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक ड्रिल मशीन चार वर्षं गोणपाटाखाली उभं होतं. माझ्या खांद्याएवढं उंच, हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला, आणि त्याचं लोखंडी टेबल एवढं सपाट की आई उन्हाळ्यात त्यावर सांडग्यांची परात ठेवायची. उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या ज्या वर्कशॉपमध्ये आप्पा टर्नर होते तिथं लोखंड कातायच्या लेथवर त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. बाही सापडली, एवढंच ते सांगायचे. पुढं ते वर्कशॉपच बंद पडलं आणि मालकानं जुन्या माणसांना सांगितलं, जे हवं ते घेऊन जावा. बाकीच्यांनी पाने, हातोड्या, मोजमापाची हत्यारं नेली. आप्पा हे धूड हातगाडीवर घालून घेऊन आले. त्यांनी ते का आणलं हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना स्वतःला तरी कळलं होतं की नाही, कोण जाणे.

त्यानंतर आप्पा कुठं कामाला गेले नाहीत. थोरला भाऊ फौजेत होता, आई शिवणकाम करायची, बेळगुंदीच्या शेतातून भात आणि रताळी यायची, त्यामुळं घर चालत होतं. आप्पा सकाळी अंघोळ करून पुढच्या कट्ट्यावर बसत. आठाचा भोंगा झाला की गल्लीतून सायकलींची रांग जायची. ओळखीची माणसं घंटी वाजवून 'काय मामा' म्हणायची. आप्पा उजवा हात वर करायचे. डावा हात ते नेहमी मांडीखाली नाहीतर टॉवेलखाली ठेवत. घरात आवाज असायचा तो आईच्या शिलाई मशीनचा, दुपारी रताळी उकडताना पातेल्यावरच्या झाकणाचा, आणि शेजारच्या म्हशीच्या गळ्यातल्या घंटीचा. आप्पांचा आवाज त्यात फारसा नसायचा. जेवताना 'चटणी वाढ' म्हणायचे, बस्स. शेंगाची चटणी आणि दही असलं की त्यांना भाजीही लागत नसे.

मी बारावी होऊन शहरातल्या कॅम्प भागात टायपिंगच्या क्लासला जात होते. क्लास माडीवर होता आणि खाली कायतान मास्तरांची खोली होती. मास्तर खानापूरकडचे, ख्रिश्चन, एकटेच राहायचे, मुलांना गिटार शिकवायचे आणि त्याच खोलीत गिटारी बनवायचे. टायपिंगच्या खडखडाटातून खाली उतरलं की लाकडाचा आणि लॅकर नावाच्या रोगणाचा वास यायचा. मी दारात उभी राहायला लागले. पंधरा दिवसांनी मास्तरांनी न विचारताच माझ्या हातात घासायच्या वॉटर पेपरचा तुकडा दिला आणि म्हणाले, "उभी राहतेस ती काम करत उभी राहा, बाय."

सहा महिन्यांत मला पॉलिशचं काम जमायला लागलं. गिटारच्या बॉडीवर लॅकरचे हात फवारून ती काही आठवडे वाळत ठेवायची. मग पाणी लावून बारीक, अजून बारीक कागदानं घासत सपाट करायची. तेव्हा ती अगदी मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखी मंद दिसते. तिला चकाकी आणायची ती शेवटी, कापडावर पॉलिश घेऊन, चोळून चोळून. एका बॉडीला तीन-चार दिवस जायचे. संध्याकाळी भाकरी मोडताना मनगटातून कळ यायची, पण ते काम मला सोडवत नव्हतं. टायपिंगमध्ये मी दुसऱ्याचं लिहिलेलं बडवत होते. इथं माझ्या हाताखाली काहीतरी उजळत होतं आणि ते मीच उजळत होते. आज लोक फोनवर तीन मिनिटांत गिटार बनवून दाखवतात. मीही बघते, बरं वाटतं. पण त्यात कुणाचं मनगट दुखताना दिसत नाही.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मास्तरांची बोटं सुजली. संधिवात. डॉक्टरांनी सांगितलं, चोळायचं काम बंद. आणि नेमकं त्याच वर्षी त्यांनी खानापूरकडच्या एका चर्चच्या गाणाऱ्या मुलांसाठी नाताळच्या आधी सहा गिटारी द्यायचा शब्द दिलेला. लाकूडकाम झालं होतं, लॅकर वाळत होतं. नाताळला जेमतेम तीन आठवडे उरलेले. मी बोटांवर दिवस मोजले. सहा बॉड्या, प्रत्येकी चार दिवस. होत नव्हतं.

"फादरला सांगतो, चारच होतील," मास्तर म्हणाले. ते सांगताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. तीस वर्षांत त्यांचा शब्द एकदाही मागं गेला नव्हता, हे मला त्यांच्या गप्पांमधून ठाऊक होतं.

"सहा होतील, मास्तर," मी म्हणाले. कशा होतील ते मला त्या घडीला माहीत नव्हतं. बसमध्ये बसल्यावर सुचलं. आमच्या भागात भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडं कापडाचं चाक असायचं, मोटरवर फिरणारं. आणि आमच्या शेडमध्ये फिरणारी मोटर होती, गोणपाटाखाली.

दुसऱ्या दिवशी दोन बॉड्या गोधडीत गुंडाळून मी घरी आणल्या आणि आप्पांना विचारलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले.

"पण आप्पा, नुसतं कापडाचं चाक हाय. धार न्हाय, काय न्हाय."

"फिरतंय न्हवं?" त्यांनी टॉवेलखालचा हात बाहेर काढला, माझ्यासमोर धरला आणि परत आत घेतला. "वेणी हाय, ओढणी हाय. न्हाय म्हणजे न्हाय."

मी त्यांचं ऐकायला हवं होतं की नाही, यावर मी इतक्या वर्षांत खूप विचार केला आहे, आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं. त्या वेळी मी विचार केला नाही. त्या रविवारी आप्पा रताळी आणायला बेळगुंदीला गेले. आई शेजारी हळदीच्या कार्यक्रमाला गेली. मी गोणपाट काढलं. आप्पांच्या जुन्या धोतराची गोल गोल कापडं कापून, एकावर एक रचून, मधून सळई घालून मी चाक केलं होतं. सळई ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे खालच्या लोखंडी पकडीत, आवळली. वेणी अंबाड्यात बांधली, ओढणी खुंटीला टांगली. बटण दाबलं. चार वर्षांनी ते मशीन असं सहज फिरलं की मला भीती वाटायच्या ऐवजी हसू आलं.

पहिली पाच मिनिटं फार सुंदर गेली. मी बॉडी उभी धरून चाकाच्या कडेला टेकवली, आणि जिथं टेकवली तिथं लाकडाच्या रेषा वर येत होत्या. दोन दिवसांचं काम एका वितीएवढ्या जागेत डोळ्यांदेखत झालं. मग मी जरा जोर दिला. वर काहीतरी 'खट्' झालं, आणि चक, सळई, चाक सगळं फिरत फिरत खाली निसटलं. चाकानं बॉडीची कड धरली. ती माझ्या हातातून हिसकली गेली, माझ्या बरगडीला तिचा एक फटका बसला आणि ती भिंतीवर जाऊन आदळली. मला आधी मशीनचा घुंघुं आवाज ऐकू आला. मग कळलं की मी खाली बसले आहे. बटण बंद करायला उठले तेव्हा श्वास घेताना कळ येत होती. बॉडीची एक बाजू वरपासून खालपर्यंत चिरली होती.

आप्पा आले तेव्हा मी सगळं आवरून ठेवलं नव्हतं. आवरायचं नाहीच असं मी ठरवलं होतं. ते शेडच्या दारात रताळ्यांचं पोतं खांद्यावर घेऊन उभे राहिले. जमिनीवर पडलेला चक बघितला, चिरलेली बॉडी बघितली, मग मला बघितलं. पोतं तिथंच खाली टाकलं.

"हात दाव," ते म्हणाले.

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी एकेक बोट धरून बघितलं, दहाही. मग त्यांनी शेडला कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि कट्ट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आई मला रागावली नाही. तिनं हळद गरम केली आणि बरगडीला लावताना एवढंच म्हणाली, "तुझ्या बाचं काळीज परत त्या मशीनात घातलंस, गं."

सोमवारी चिरलेली बॉडी घेऊन मी मास्तरांकडं गेले. बसमध्ये दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. मास्तरांनी गोधडी उघडली, चिरेवरून अंगठा फिरवला, बॉडी कानाशी धरून टकटक केलं.

"लाकूड जोडता येतं," ते म्हणाले. "तू डॉक्टरला दाखवलंस?"

"मास्तर, मी सहा म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. आता हातानं होतील तेवढ्या कर. ही मी जोडतो. बाकीचं मी फादरला सांगतो."

"एक आठवडा थांबा," मी म्हणाले. "तोवर सांगू नका."

त्यांनी उरलेल्या बॉड्या माझ्यासमोर आणून ठेवल्या.

मग मी पुढच्या कट्ट्यावर बसले, आप्पांच्या शेजारीच. जागा दुसरीही होती, पण मुद्दाम तिथंच बसले. पातेल्यात पाणी, मांडीवर गोधडी, गोधडीवर बॉडी. सकाळी भोंग्यापासून दिवेलागणीपर्यंत चोळायचं. बरगडी दुखायची म्हणून मी डाव्या कुशीला उशी बांधून बसत होते. आप्पा गल्लीकडं बघत. मी बॉडीकडं बघत असे.  दुसऱ्या दिवशी माझ्या तळहाताची कातडी सोलली, तेव्हा मी त्यावर चिंधी बांधली आणि चालू ठेवलं. हे सगळं मी त्यांना दाखवण्यासाठी करत होते का? थोडं होतं तसं. पण जास्त खरं हे की मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि हात थांबवले असते तर मी रडले असते.

चौथ्या दिवशी दुपारी आईनं आमच्यामध्ये उकडलेल्या रताळ्यांची ताटली ठेवली. आप्पांनी एक उचललं, सोललं आणि सालीकडं बघत म्हणाले, "चक कसा सुटला?"

मला आधी वाटलं, भास झाला. मग मी सांगितलं. किती जोर दिला, कुठल्या बाजूनं, आवाज कसा आला.

"चाक केवढं होतं?"

मी हातानं माप दाखवलं.

"आनि पट्टा कुठल्या पुलीवर होता?"

"मधल्या."

"मधल्या!" त्यांनी रताळं ताटलीत ठेवलं. "तेवढ्या चाकाला एवढा स्पीड देत्यात व्हय? लॅकर जळलं न्हाय हेच नशीब."  मग त्यांनी चूल पेटवायच्या कोळशाचा तुकडा उचलला आणि कट्ट्याच्या फरशीवर एक उभी रेघ ओढली. "हे बघ. ड्रिल हाय ते. वरनं खाली दाबायला केलेलं. तू त्याला आडवं ढकललंस. त्याला काय माहीत तू गिटार घासायलीस म्हणून? चक वर नुसता ठोकून बसवलेला असतोय, आडवा दाब आला की सुटणारच." रेघेच्या खाली त्यांनी एक गोल काढला. "लेथवर लांब जॉब असला तर आमी एकाच टोकाला धरत न्हाय. दुसऱ्या टोकाला पन आधार देतोय. चक काढून टाकायचा. त्याच्या जागी एक अख्खा शाफ्ट, लोखंडी दांडा, वर भोकात बरोबर बसनारा. मधी चाक. आनि खाली टेबलावर बेअरिंग. मग ते पडत न्हाय, वाकत न्हाय."

चार वर्षांत आप्पा एका दमात एवढं बोलले नव्हते. स्वयंपाकघरात शिलाई मशीन थांबलं होतं.

"मग करा की तसा शाफ्ट," मी म्हणाले.

"लेथ पायजे."

"मल्लाप्पाकडं हाय."

मल्लाप्पा म्हणजे आप्पांच्या हाताखाली काम शिकलेला माणूस. आता उद्यमबागेत त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. तो रोज सकाळी गल्लीतून घंटी वाजवून जाणाऱ्यांपैकी एक होता. आप्पांनी कोळसा खाली ठेवला आणि ते गल्लीकडं बघायला लागले. मीही चोळायला लागले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई आप्पांच्या एका पूर्ण बाहीच्या शर्टाच्या बाह्या कात्रीनं कापत होती, कोपराच्या वर, दोन्ही. कापून तिनं काठ दुमडून शिवले आणि शर्ट त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घातला.

आम्ही दोघं चालत गेलो. वर्कशॉपच्या दारात आप्पांचे पाय थांबले. आत दोन लेथ चालू होत्या. तेल, तापलेलं लोखंड आणि पाण्याची वाफ यांचा तो वास माझ्या लहानपणी आप्पांच्या कपड्यांना यायचा, आणि मी तो विसरले होते. मल्लाप्पा धावत आला. आप्पांनी त्याला कागद दाखवला. त्यावर मापं लिहिलेली होती. त्यांनी ती कधी घेतली होती, देव जाणे. म्हणजे ते शेडचं कुलूप उघडून आत गेले होते.

"बसा मामा, मी करून देतो," मल्लाप्पा म्हणाला.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "तू फकस्त बाजूला उभा रहा."

त्यांनी लोखंडाचा गोल दांडा उजव्या हातानं लेथमध्ये लावला आणि आवळायला डावा हात पुढं केला. तीन बोटांना चावी नीट धरता येईना. एकदा निसटली. मल्लाप्पा पुढं सरकला. मी त्याच्या दंडाला हात लावला आणि तो थांबला. आप्पांनी चावी तळहाताच्या आणि अंगठ्याच्या मध्ये धरली आणि आवळली. मग लेथ चालू केली. लोखंडाची निळसर वेटोळी सुटायला लागली. आप्पांच्या कानशिलावरून घाम गळत होता, डिसेंबरच्या थंडीत.  मी त्यांना काम करताना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. मुलींना वर्कशॉपमध्ये कोण नेतं? मी सतरा-अठरा वर्षं ज्यांच्या घरात राहिले त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा भेटले असं मला वाटलं, आणि आज साठी उलटल्यावरही तसंच वाटतं.

शाफ्ट व्हायला दुपार झाली. निघताना मल्लाप्पा आप्पांना कानडीत म्हणाला, "नाळे बर्री, मामा." उद्या या. आप्पा म्हणाले, "नोडोण." म्हणजे, बघू.

घरी येऊन त्यांनी शाफ्ट बसवला, बेअरिंग टेबलावर बोल्ट मारून पक्कं केलं, पट्टा सगळ्यात कमी वेगावर टाकला. आईनं चाक नव्यानं केलं. माझं चाक बघून ती म्हणाली होती, "ही काय शिलाई?" तिनं मांजरपाटाचे गोल एकावर एक ठेवून मधल्या भोकाभोवती वर्तुळात, मग त्याबाहेर अजून मोठ्या वर्तुळात अशा चार-पाच फेऱ्या मारल्या. ते चाक दगडासारखं घट्ट आणि तरी कडेला मऊ झालं. मग आप्पांनी मला समोर उभं केलं. केसांना घट्ट रुमाल, ओढणी नाही, बांगड्या नाहीत, बाह्या कोपराच्या वर. चाक जिकडून येतं तिकडची कड त्याला कधीच दाखवायची नाही, चाक जिकडं पळतं तिकडंच बॉडी न्यायची. एक लॅकर लावलेली फळी त्यांनी मला अर्धा दिवस घासायला लावली. ते स्वतः बटणाशी उभे होते, हात बटणावर.

"आता बॉडी घे," ते शेवटी म्हणाले.

 बरगडीला तो फटका अजून आठवत होता. मी बॉडी चाकाला टेकवली. शाफ्ट हलला नाही. मी थोडा जोर दिला, मग अजून थोडा. चाकाचा आवाज खोल गेला आणि तसाच राहिला. आप्पा बॉडीकडं बघत नव्हते, शाफ्टच्या खालच्या टोकाकडं बघत होते, आणि त्यांची मान अगदी किंचित हलत होती, होकारार्थी, एखादं गाणं ऐकल्यासारखी.

दिवसाला एक बॉडी होऊ लागली, पुढं पुढं दीड. वीज गेली की आम्ही तिघं शेडच्या दारात बसून चहा घ्यायचो. मास्तरांनी चिरलेली बॉडी आतून पट्टी लावून इतकी छान जोडली होती की उजेडात तिरकी धरल्याशिवाय सांधा दिसत नसे. ती मी सगळ्यात शेवटी केली, सगळ्यात सावकाश. नाताळच्या चार दिवस आधी सहाही बॉड्या मास्तरांच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या होत्या. मास्तर एकेक उचलून खिडकीशी नेत होते, डोळ्यांच्या रेषेत धरून ओरखडा शोधत होते. पाचव्या बॉडीवर त्यांना एक सापडला, केसाएवढा. त्यांनी मला तो दाखवला. मी तिथंच बसून तो हातानं काढला. मग ते म्हणाले, "आता तारा लावतो. तू टायपिंगला जा." मी टायपिंगला गेले नाही, पुन्हा कधीच. ती पुढची गोष्ट.

त्या आठवड्यानंतरच्या सोमवारी मी चुलीपाशी चहा घेत होते. आई भाकरी थापत होती. आप्पा अंघोळ करून आले तर उंबऱ्याशी एक पितळी डबा भरून ठेवलेला होता, वर फडकं बांधलेलं.

"कुनाचा ह्यो?" आप्पांनी विचारलं.

"कुनाचा असनार?" आईनं मान वर केली नाही. "शेंगाची चटणी हाय आनि झुणका. दही वेगळं बांधलंय, सांडू नका."

आप्पांनी फडक्याची गाठ चाचपून बघितली.  त्यांनी आखूड बाहीचा शर्ट खुंटीवरून काढला, घातला, बटणं लावली, सावकाश, एका हातानं. डबा उचलला आणि निघाले. गल्लीत एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली. आप्पा त्याच्या बाजूनं चालायला लागले आणि कोपऱ्यावरून उद्यमबागेकडं वळले.

"गेले?" आईनं आतून विचारलं.

"गेले," मी म्हणाले.

मग तिनं परातीतल्या उरलेल्या पिठाची शेवटची भाकरी थापली आणि तव्यावर टाकली.